जाहिराती पळवू नका, ओलांडा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: साठवलेला कार्यक्रम बघताना जाहिराती आल्या की तुम्ही फास्ट फॉरवर्ड दाबता, कार्यक्रम दिसला की घाईघाईने प्ले दाबता, तोवर मिनिटभर पुढे गेलेलं असतं. मागे आणायला जावं तर थेट जाहिरातीच्या मध्यावर. आणि परवा तर ह्या मागे-पुढेच्या नादात सामन्याचा निकालच आधी दिसून गेला. रिमोट बदलू का, असं विचारलं आहेत.

रिमोट बदलू नका. तुमची बोटंही मंद नाहीत. हिशेबच मुळात तुमच्या विरुद्ध आहे. रेकॉर्डरचा सगळ्यात जास्त वेग साधारण साठपट असतो असं धरा. म्हणजे डोळ्याला कार्यक्रम दिसला, मेंदूने ओळखला आणि अंगठा खाली गेला ह्यात एक सेकंद गेला, तर पडद्यावर एक अख्खं मिनिट गेलं. वीसपट वेगावर तोच उशीर वीस सेकंदांचा. वेग कमी करावा तर तीन मिनिटांच्या जाहिराती नऊ सेकंद डोळे फाडून बघत बसायचं. तेही एकवेळ चालेल म्हणा, पण त्या नऊ सेकंदांत नजर हटली की पुन्हा तेच.

ह्यावर काही यंत्रांनी उपाय काढला होता. 1999 साली बाजारात आलेल्या टिवो ह्या रेकॉर्डरमध्ये वेगात पळवताना प्ले दाबलं की यंत्र आपणहून थोडं मागे येऊन सुरू व्हायचं. तुमच्या अंगठ्याला उशीर होणारच, हे त्यात धरलेलंच होतं. तुमच्या यंत्रात अशी सोय असेल तर प्ले दाबल्यावर लगेच मागे जाऊ नका, एक क्षण थांबून बघा. पुष्कळ लोक इथेच दुप्पट मागे जातात आणि यंत्राला शिव्या घालतात.

पण खरा उपाय वेगळाच आहे. जाहिराती पळवायच्याच नाहीत, उड्या मारून ओलांडायच्या. बहुतेक रेकॉर्डरांवर पुढे उडी आणि मागे उडी अशी दोन बटणं असतात, सहसा गोल बाण किंवा उभ्या रेघेला टेकलेला बाण काढलेली. पुढची उडी बहुधा 30 सेकंदांची असते, मागची त्याहून लहान, 5 ते 10 सेकंदांची. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो आणि सगळी गंमत त्यातच आहे.

जाहिरात सुरू झाली की पुढची उडी मारत राहा. दर उडीनंतर पडद्यावर काय आहे तेवढंच बघा: जाहिरात की कार्यक्रम. जाहिरात असेल तर आणखी एक. कार्यक्रम दिसला की थांबा. आता तुम्हाला एक गोष्ट नक्की ठाऊक आहे. एका उडीपूर्वी तुम्ही जाहिरातीत होतात. म्हणजे कार्यक्रम जिथे सुरू झाला ती जागा मागच्या 30 सेकंदांतच कुठेतरी आहे, त्यापलीकडे असूच शकत नाही. मागची उडी 10 सेकंदांची असेल तर जास्तीत जास्त तीनदा दाबायची, बहुतेक वेळा एक-दोनदा पुरते. तीन मिनिटांच्या जाहिरातींना पुढच्या सहा-सात उड्या आणि मागच्या दोन. इथे घाई करावी लागत नाही, कारण उडी मारून झाल्यावर चित्र नेहमीच्या वेगाने चालतं. तुम्ही दोन सेकंद विचार केलात तर दोनच सेकंद जातात, दोन मिनिटं नव्हे.

30च का, असं कुणी विचारेल. जाहिराती बहुधा 10, 15, 20 किंवा 30 सेकंदांच्या कापून विकल्या जातात, त्यामुळे हे माप त्यांना बरोबर बसतं. नेमक्या ह्याच कारणाने हे बटण वाहिन्यांच्या डोळ्यांत खुपत आलं. जुन्या टिवोवर 30 सेकंदांची उडी लपवून ठेवलेली होती: साठवलेला कार्यक्रम बघत असताना सिलेक्ट, प्ले, सिलेक्ट, 3, 0, सिलेक्ट अशी बटणं ओळीने दाबली की ती जागी व्हायची. वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झालं की विसरायचं, पुन्हा मंत्र म्हणायचा. त्याच काळातल्या रिप्लेटीव्ही ह्या दुसऱ्या रेकॉर्डरने तर जाहिराती आपोआप गाळण्याची सोय दिली आणि 2001 मध्ये वाहिन्यांनी आणि स्टुडिओंनी तिच्या मालक कंपनीला कोर्टात खेचलं. 2003 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा तुमच्या खोक्यावर, म्हणजे रेकॉर्डरवर किंवा सेट-टॉप बॉक्सवर, हे बटण दिसत नसेल तर ते सेटिंगमध्ये दडलेलं आहे का, हे आधी बघा. काही खोक्यांवर उडीची लांबी ठरवताही येते. 30 आणि 10 ठेवा. मागची उडीही 30ची करून ठेवणारे लोक असतात, त्यांना पुढे आणि मागे त्याच दोन जागांवर आदळत राहावं लागतं.

संगणकावर बघत असाल तर काम सोपं. मिथटीव्ही ह्या टीव्ही रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उजवा बाण 30 सेकंद पुढे, डावा 5 सेकंद मागे, हे मुळातच ठरवलेलं आहे. कोडी ह्या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बाण लागोपाठ दाबला की उडी मोठी होत जाते: एकदा 10 सेकंद, दोनदा 30, तीनदा 1 मिनिट, मग 3, 5, 10. दाबायचं थांबलात की क्षणभराने एकच उडी बसते. सवय व्हायला दोन दिवस लागतात, मग हात बसतो.

उडी मारल्यावर कधी चित्र अडकतं, किंवा मागे जाताना धक्के बसतात, ते यंत्र बिघडलं म्हणून नव्हे. साठवलेल्या चित्रफितीत प्रत्येक चौकट (फ्रेम) पूर्ण नसते. मधूनमधून एक पूर्ण चौकट आणि तिच्यामधल्या चौकटींत फक्त 'काय बदललं' एवढीच नोंद. एमपेग-2 ह्या जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात अशी पूर्ण चौकट साधारण अर्ध्या सेकंदाला येते, नव्या पद्धतींत दोन पूर्ण चौकटींत याहून जास्त अंतर असू शकतं. यंत्राला चित्र उभं करायचं तर पूर्ण चौकटीपासूनच सुरुवात करावी लागते, म्हणून वेगात पळवताना आणि मागे जाताना तेवढ्याच चौकटी दाखवून ते वेळ मारून नेतं. जुन्या व्हीसीआरवर रेघारेघांचं का होईना, पण चित्र सलग मागे जायचं. इथे ते टप्प्याटप्प्याने जाणार. तेव्हा सेकंदाच्या काट्यावर नेमकं थांबायचा हट्ट सोडा.

मधलाच एखादा प्रसंग शोधायचा असेल तर 30-30 सेकंदांनी चालत जाऊ नका. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही, मध्ये उघडतो. तसंच करा. तासाभराचं रेकॉर्डिंग असेल तर 30व्या मिनिटावर जा. प्रसंग होऊन गेला असेल तर 15व्यावर, नसेल तर 45व्यावर. दर वेळी उरलेला भाग निम्मा होतो, सहा वेळा केलं की तुम्ही मिनिटाच्या आत पोचता. अट एवढीच, की कथानकाचा क्रम थोडा ठाऊक हवा. रिमोटवर वेळ टाकून जाता येत असेल तर उत्तमच. किती बघून झालं ते दाखवणाऱ्या खालच्या पट्टीवर 15-15 मिनिटांच्या खुणा असतील तर त्याही चालतात.

आता सामन्याचं. इथे शत्रू जाहिरात नाही, पट्टी आहे. खालची पट्टी सांगते की आता वीस मिनिटंच उरलीत, आणि तुम्ही मनात ताडता की जादा वेळ झालेला नाही. ह्यावर माझा उपाय: रेकॉर्डिंग लावतानाच शेवटी तासभर जादा घ्यायचं. सामना लांबला तर शेवट कापला जात नाही आणि नाही लांबला तरी पट्टी काही बोलत नाही. हे शहाणपण मला एका अंतिम सामन्याची शेवटची सात मिनिटं गमावून आलं आहे. दुसरं, खोका बंद करताना त्याच वाहिनीवर सोडू नका. चालू केल्याबरोबर तो शेवटची वाहिनी दाखवतो, आणि कोपऱ्यात गुणफलक असतोच. तिसरं, रेकॉर्डिंग अजून चालू असेल तर 'सुरुवातीपासून' हाच पर्याय निवडा आणि उड्या मोजून मारा. भराभर मारत गेलात तर थेट प्रक्षेपणालाच जाऊन धडकाल.

सामना चालू असतानाच बघायचा असेल तर तो सुरू झाल्यावर थोडा वेळ दुसरं काहीतरी करा. तासाभरात 15 मिनिटं जाहिराती असतील आणि तुम्ही 15 मिनिटं उशिरा बसलात, तर सगळ्या जाहिराती ओलांडून तास संपताना तुम्ही प्रक्षेपणाबरोबरच असाल. पण ह्यासाठी नुसतं पॉज करून उठू नका, रेकॉर्ड दाबा. पॉज केल्यावर चित्र जिथे साठतं ती तात्पुरती जागा असते. ती मर्यादित असते, जुन्या टिवोवर अर्ध्या तासाची होती, आणि वाहिनी बदलली की बहुतेक यंत्रांवर ती पुसली जाते. आमच्याकडे मी पॉज करून फोनवर बोलत होतो, तेवढ्यात 'हे काय, नुसतंच थांबलंय' म्हणत कुणीतरी वाहिनी बदलली. वाद घालण्यात अर्थ नव्हता, दिसायला ते थांबलेलंच होतं.

राहिला प्रश्न आपोआप जाहिराती ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा. कॉमस्किपसारखी साधनं मध्येच येणारी काळी चौकट, आवाजातली शांतता, कोपऱ्यातलं वाहिनीचं बोधचिन्ह नाहीसं होणं अशा खुणांवरून अंदाज बांधतात. अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो. पण अंधारातला शांत प्रसंग आला की तीच खूण त्यांना फसवते, आणि जाहिरातींतही बोधचिन्ह तसंच ठेवणाऱ्या वाहिनीपुढे ती बावचळतात. म्हणून त्यांना फक्त खुणा करू द्या, फाईल कापू देऊ नका. खूण चुकली तर मागच्या उडीने परत येता येतं, कापलेलं परत येत नाही. मी तर आपोआप ओलांडणंही बंद ठेवलं आहे. खुणेपर्यंत जायचं की नाही, ते बटण दाबून मीच ठरवतो.

आणि रिमोटबद्दलच विचारलंय म्हणून: आमच्या रिमोटवर पुढच्या उडीच्या बटणावर नेलपॉलिशचा एक जाड थेंब वाळवून ठेवला आहे, मागच्यावर काही नाही. दिवे घालवले तरी अंगठ्याला कळतं.