‘भरती नव्हती’ म्हणून रेडिएशनचा क्लेम नाकारला

प्रश्न : आईला व्हल्व्हाचा, म्हणजे बाह्य जननेंद्रियाचा कर्करोग आहे. छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन झालं, त्याचा क्लेम मिळाला. जांघेतल्या गाठींतही कर्करोग निघाल्याने 28 शेक (रेडिएशन) सांगितलेत, 11 झालेत. ती बिलं ऑपरेशनच्या क्लेमला जोडून पाठवली. ‘24 तास भरती नाही, डिस्चार्जनंतरच्या खर्चाचे 60 दिवसही संपले,’ म्हणून विमा कंपनीने नकार दिला. शेक थांबवावेत का? (अंबाजोगाई)

उत्तर : ताई, शेक मुळीच थांबवू नका. तक्रारीला वर्षभर वेळ आहे. शेकात पडलेला खंड मात्र आजाराच्या पथ्यावर पडतो.

शेकाला भरती लागतच नाही. मशीनवर काही मिनिटं, आठवड्याचे 5 दिवस, मग घरी. 28 शेकांना साडेपाच आठवडे जातात. त्याआधी जांघेची जखम भरायलाच महिना-दीड महिना लागतो. मग 60 दिवसांत हे बसणार कसं? म्हणून बिलं डिस्चार्जनंतरचा खर्च म्हणून न लावता ‘डे-केअर उपचार’ (24 तास भरती न लागणारा उपचार) असा वेगळा क्लेम करा. पॉलिसीच्या डे-केअर यादीत ‘रेडिओथेरपी’ (म्हणजे शेक) शोधा, बहुतेक पॉलिसींत ती असते. त्या पानाची झेरॉक्स जोडा. ‘डे-केअरच्या व्याख्येत भूल दिलेली असावी लागते,’ असं कंपनी म्हणू शकते. पण यादीत रेडिओथेरपीचं नाव त्यांनीच घातलंय, आणि अट संदिग्ध असली की अर्थ विमेदाराच्या बाजूने लावावा, हे न्यायालयांनी वारंवार मानलंय.

क्लेम बहुतेकदा कागदांत अडकतो. सगळ्या शेकांची मिळून एकच पावती घेऊ नका. तारीखवार शेकांचा तक्ता, सहीशिक्क्यासह मागा. बिलावर नुसतं ‘ओपीडी’ लिहिलं असेल तर ‘डे-केअर रेडिओथेरपी’ अशी दुरुस्ती करून घ्या. गाठींचा बायोप्सी रिपोर्ट आणि ‘ऑपरेशननंतर रेडिएशन आवश्यक’ हे डॉक्टरांचं पत्रही लावा.

तरीही नकार आला तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, पोच ठेवा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा ते पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही आणि वकीलही चालत नाही. मी आधी तीच वाट धरायला सांगेन. बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग 2 वर्षं खुला असतो, पण तिथे प्रकरण चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत.

उरलेल्या 17 शेकांच्या पैशांची अडचण असेल तर उद्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) रेशन कार्ड दाखवून महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. मंजुरी आधी घ्यावी लागते. खिशातून भरलेले पैसे ही योजना परत देत नाही.