मूल तेच तेच खेळतंय? आधी क्रियापद बघ

अगं, तो पोरगा रोज टोपलीतल्या वस्तू खाली टाकतो म्हणून वैतागू नकोस. कशा टाकतो, ते बघ.

माझ्या बालवाडीत अडीच वर्षांची एक होती. डबा, रुमाल, दुसऱ्याची चप्पल, सगळं पिशवीत कोंबायची, दाराशी नेऊन ओतायची, की परत भरायला सुरुवात. मी महिनाभर ‘चप्पल जागेवर ठेव’ करत बसले. तिला चप्पल नकोच होती, वाहून नेणं हवं होतं! एक छोटी बादली आणि करवंट्या दिल्या, चपला सुटल्या.

वस्तू कुठलीही असो, मूल एकच कृती पुन्हा पुन्हा करत राहतं, त्या आकृतिबंधाला ‘स्कीमा’ म्हणतात. शब्द मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेने रूढ केला, पुढे १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये बालशिक्षणाच्या संशोधक ख्रिस अ‍ॅथी यांनी लहानग्यांच्या खेळात असे आकृतिबंध बारकाईने नोंदले. कुणी फेकतं, कुणी झाकण गरगर फिरवतं, कुणी स्वतःलाच चादरीत गुंडाळतं.

तू आठवडाभर वहीत क्रियापदं लिही. ‘गाडी खेळला’ नको, ‘गाडी उतारावरून सोडली’ असं. वस्तू बदलल्या तरी क्रियापद तेच येतंय, तिथे खूण कर. मग फेकणाऱ्याला कापडी चेंडू नि टोपली दे. दगड कुणाच्या डोक्याकडे निघाला तर मात्र हात धरायचा, तिथे स्कीमा-बिमा काही नाही. आणि चिंचोके, मणी इतक्या लहानांना नकोतच, घशात अडकतात.

प्रत्येकात असं ठळक काही दिसेलच असं नाही हं. उगाच शिक्का मारू नकोस.