'अमेरिकन मूव्ही' पाहताना आपण हसलो, हे चुकले का?

आपण विचारले आहे की 'अमेरिकन मूव्ही' हा माहितीपट पाहताना सगळे हसत होते, आपणही हसलात आणि नंतर मनाला टोचणी लागली. तर हसणे चूक होते का, आणि दिग्दर्शकाने त्यातल्या, स्वतःचा चित्रपट काढण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाची थट्टाच केली आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. दिग्दर्शक ख्रिस स्मिथची त्या माणसाशी, म्हणजे मार्क बोर्कार्टशी, ओळख झाली ती अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या विद्यापीठातल्या संकलनाच्या खोल्यांमध्ये, स्मिथ स्वतः आपल्या पहिल्या चित्रपटाचे संकलन करत होता तेव्हा. ज्याला नुसती थट्टाच करायची असते तो दोन दोन वर्षे कोणाच्या मागे कॅमेरा घेऊन फिरत नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात माहितीपटांसाठीचे ज्युरींचे सर्वोच्च पारितोषिक या माहितीपटाला मिळाले, तेही नुसत्या हशावर मिळालेले नव्हते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्या घरातली एक संध्याकाळ सांगितल्याशिवाय मला देता येणार नाही.

माझ्या थोरल्या भावाने नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण करत, सहा वर्षांत अडतीस मिनिटांचा एक भयपट पूर्ण केला. वाऱ्याचा आवाज टाळण्यासाठी त्याने माइकला लोकरीचा मोजा घातला होता, आणि कपड्यांच्या कपाटात गोधड्या टांगून आम्ही त्याचे डबिंग केले होते. नातेवाइकांना तो चित्रपट दाखवला तेव्हा भुताच्या पहिल्याच प्रवेशाला सगळे हसले. दादा काही बोलला नाही. त्यानंतर वर्षभराने माझ्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भावजींनी, मुद्दाम सगळ्यांना एकत्र बसवून 'अमेरिकन मूव्ही' लावला. 'तुमच्या दादासारखाच एक जण आहे यात,' असे त्यांनी आधीच जाहीर केले होते.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विस्कॉन्सिनमधल्या मेनोमनी फॉल्स या गावी राहणारा, डोक्यावर कर्जे असलेला, दफनभूमीत झाडलोटीचे काम करणारा मार्क 'नॉर्थवेस्टर्न' नावाचा मोठा चित्रपट काढण्याचे स्वप्न बाळगून आहे. त्यासाठी पैसे उभे राहावेत म्हणून तो आधी आपला अर्धवट राहिलेला छोटा भयपट पूर्ण करून त्याच्या प्रती विकायचे ठरवतो. त्या भयपटाच्या नावाचा उच्चार तो 'कोव्हन' असा करतो, कारण खरा इंग्रजी उच्चार 'अव्हन'सारखा, म्हणजे भट्टीच्या इंग्रजी नावासारखा, ऐकू येतो आणि ते त्याला पसंत नाही. या ठिकाणी आमच्याकडे पहिला हशा झाला, आणि तो मला आजही योग्यच वाटतो.

मग ते कपाटाच्या दाराचे दृश्य आले. एका नटाचे डोके स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारातून आरपार जायला हवे असते, दार काही फुटत नाही, आणि मार्क त्याचे डोके पुन्हा पुन्हा त्यावर आपटत राहतो. घरातले सगळे पोट धरून हसत होते. दादा पुढे सरकून बसला, पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला, 'दार मागच्या बाजूने करवतीने नीट चिरून घ्यायला हवे होते, आणि कॅमेरा इतका जवळ नको होता.' तो हसत नव्हता आणि दुखावलाही गेला नव्हता. ते काम कसे व्हायला हवे होते, याचाच विचार तो करत होता. त्या खोलीत तो माहितीपट खऱ्या अर्थाने पाहणारा तो एकटाच होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर येते ते बिलकाकांचे दृश्य. बिल हे मार्कचे थकलेले, कुरकुरे काका. त्यांनीच 'कोव्हन'ला पैसे दिले आहेत. मार्क त्यांच्याकडून एकच वाक्य ध्वनिमुद्रित करून घेतो आहे आणि ते काही केल्या जमत नाही, तीसएक वेळा म्हणूनही जमत नाही. तिथे सुरुवातीला सगळेच हसतात, मीही हसलो. पण हळूहळू त्या म्हाताऱ्याचा आवाज खोल जाऊ लागतो, आणि त्याला दिलेले वाक्य जगण्यासारखे काहीतरी आहे असे सांगणारे आहे, तर त्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही, हे आपल्या लक्षात येऊ लागते. दादा हळूच म्हणाला, 'त्यांना पाणी द्यायला हवे.' मी हसायचा थांबलो, पण भावजी थांबले नाहीत. आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथे आहे. हसण्यात काही वावगे नाही; चित्रपट आपल्याला थांबायला सांगतो तेव्हाही जो हसत राहतो, त्याने पाहणे सोडून दिलेले असते.

चित्रपट संपल्यावर वाद झाला आणि तो आजतागायत मिटलेला नाही. भावजींचे म्हणणे असे की हा माणूस भ्रमिष्ट आहे, त्याने एका म्हाताऱ्याला लुबाडले, आणि अशा लोकांना वेळीच खरे सांगून थांबवणे हेच त्यांचे हित असते. मला यातले एकही वाक्य मान्य नाही. भ्रमिष्ट माणसाला आपली अवस्था दिसत नाही. मार्कला ती लख्ख दिसते: दफनभूमीतले घाण झालेले स्वच्छतागृह साफ करण्याआधी, तिशी गाठली तरी आपल्या वाट्याला हे काम आहे, असे तो स्वतःच बोलून दाखवतो. लुबाडण्याबद्दल म्हणाल, तर बिलकाकांना पुतण्याचे सगळे गुणदोष ठाऊक होते आणि ते त्याला सतत टोकत होते. १९९७ साली ते वारले, तेव्हा 'नॉर्थवेस्टर्न' पूर्ण करण्यासाठी त्यांनी त्याच्या नावे ५०,००० डॉलर ठेवले होते, हे माहितीपटाच्या शेवटीच सांगितले आहे. ज्याला फसवले गेले आहे तो माणूस मरताना असा पैसा ठेवून जात नाही.

असाच घरच्या घरी चित्रपट काढणाऱ्या मालेगावच्या नासिर शेख यांच्यावरचा फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट मी नंतर पाहिला. तिथे हसताना कोणाचेच मन खात नाही, कारण शेख मुळात विनोदी चित्रपटच काढत होते. प्रेक्षकांचा हशा ही त्यांची कमाई होती. मार्क भीती निर्माण करू पाहत होता आणि लोक हसले, म्हणून आपल्याला टोचणी लागते. दादाच्या भुताचेही तेच झाले होते.

काही गोष्टी मान्य करायलाच हव्यात. मार्कला तीन मुले आहेत, तो दारू पितो, आणि त्याच्या स्वप्नाची किंमत तो एकटाच मोजत नाही. हे माहितीपट लपवत नाही आणि मीही लपवू नये. दोन वर्षांच्या चित्रीकरणातून दोनेक तास निवडताना विनोदी क्षण जास्त उरतात, हेही खरे आहे. ज्याच्या घरात मुलांच्या शाळेचे पैसे कॅमेऱ्याच्या भाड्यात जात असतील, त्याला मी आणखी पैसे द्या असे सांगणार नाही.

आपण मित्रांना हा माहितीपट जरूर दाखवा, पण 'यात एक वेडा आहे' अशी प्रस्तावना करू नका, आणि त्यांच्यात कोणी स्वतः चित्रपट काढण्याच्या खटपटीत असेल तर कपाटाच्या दृश्याच्या वेळी त्याच्याकडे लक्ष ठेवा. दादाच्या चित्रपटाला मी चाळीस हजार रुपये दिले होते. ते परत आले नाहीत आणि मी ते कधी मागितलेही नाहीत. तो सध्या दुसऱ्या चित्रपटाची पटकथा लिहितो आहे; त्याने विचारले तर पुन्हा देईन, आणि हे मी भावजींनाही त्यांच्या तोंडावर सांगितले आहे.