वाचकांचे प्रश्न : टायमिंगला हात सगळ्यात शेवटी

प्रश्न (लातूरहून) : काका नमस्कार. वडिलांनी जपलेली १९६६ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे आमच्याकडं, दोन सीटची, उघडी, जुन्या पद्धतीची म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेली. बरेच महिने शेडमध्ये उभी होती, दिवाळीत काढली तर स्लोला थरथरते आणि एक्सलेटर दिला की मिसिंग करून झटके देते, कार्बोरेटरमधून फाटफाट आवाज येतो. सोलापूरहून येताना तुळजापूरच्या घाटात तर ओढेचना. मिस्त्रीनं दोन्ही कार्बोरेटर धुतले, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं नवीन टाकलं, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) कानानं लावलं, तरी उलट जास्तच बिघडली. आता म्हणतो कार्बोरेटर बाहेरून मागवा. मागवू का?

उत्तर : अजिबात मागवू नका! आधी डेल्कोचं, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडा. जुन्या गाडीत कार्बोरेटरच्या नावावर खपवलेले बरेच आजार डेल्कोत निघतात, आणि तुमच्या पत्रात तर मिस्त्रीनंच धागा देऊन ठेवलाय, नवीन कॉइल टाकल्यावर जास्त बिघडली म्हणता ना, मग तिथूनच सुरू करू.

आपल्याकडच्या आताच्या गाड्यांना बॉडीला मायनस असतो, त्यामुळं मिस्त्रीचा हात सवयीनं कॉइलच्या प्लसला स्विचची वायर आणि मायनसला डेल्कोची वायर लावून मोकळा होतो. तुमच्या गाडीत ते उलटं पाहिजे, कॉइलचा प्लस डेल्कोकडं आणि मायनस स्विचकडं. उलटी लागली तरी गाडी चालू होते, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण प्लगला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि लोड आला, घाट लागला की मिसिंग सुरू. त्याच वेळी मीटरनं कॉइलचा रेझिस्टन्स पण बघून घ्या, तुमच्या मॉडेलला साधी १२ व्होल्टची, साधारण ३ ओहमची कॉइल लागते, रेझिस्टरसोबत चालणारी दीड ओहमची बसवली असेल तर ती तापेल आणि पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जाळत राहील.

मग प्लगच्या वायरी. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, एक नंबर रेडिएटरकडचा, आणि डेल्कोतला फिरता रोटर फिरतो घड्याळाच्या उलटा. हे उलटं फिरणं विसरून कुणी वायरी लावल्या की ३ आणि २ ची अदलाबदल होते, दोनच सिलिंडर नीट पेटतात आणि कार्बोरेटर फाटफाट करतो. बघायला मिनिटभर लागतं.

आता खरी गंमत डेल्कोच्या आत आहे. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात तिथून बॉडीला एक बारीक, मऊ वेणीसारखी अर्थिंगची वायर जाते. एक्सलेटर दिला की इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालणारा व्हॅक्यूम त्या प्लेटला ओढतो, प्लेट हलली की ही वायर वाकते, आणि वर्षानुवर्षं वाकून वाकून आतून तुटते, वरून मात्र अख्खी दिसते. स्लोला गाडी जेमतेम चालते, एक्सलेटर दिला की झटका, सोडला की परत ठीक, आणि आपण बसतो जेट साफ करत. मीटरची एक पिन प्लेटला, एक बॉडीला लावा आणि प्लेट हातानं हलवत बघा, आकडा नाचला की वायर बदला. पॉइंटपासून बाहेरच्या टर्मिनलला जाणारी छोटी वायर पण अशीच तपासा. शिवाय नवीन पॉइंट बसवताना प्लास्टिकचे वॉशर उलटसुलट लागले तर पॉइंटचं अधूनमधून बॉडीला अर्थिंग होतं, तेही बघा.

ड्रायव्हिंग करताना एक खूण लक्षात ठेवा. तुमच्या मॉडेलचा आरपीएम मीटर इग्निशनच्या करंटवर चालतो, त्यामुळं झटका बसताना सुई एकदम खाली पडली तर दोष कॉइल, पॉइंट, वायर, स्विच याच भागात आहे. सुई जागेवर राहून गाडी हळूहळू दम सोडत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, मग मागचा इलेक्ट्रिक पंप आणि फिल्टर बघा.

त्यानंतर रोटर धरून आडवा हलवून बघा. नुसता किंचित हलला तर चालेल, पण खटखट हलत असेल तर आतलं बुश गेलंय, मग पॉइंटचा गॅप दर सिलिंडरला वेगळा पडतो आणि अशा डेल्कोवर टायमिंग लावणं म्हणजे वाऱ्यावर पताका बांधून तिची दिशा मोजणं. चांगल्या लेथवाल्याकडून बुश करून घ्या, नवीन कार्बोरेटरपेक्षा लई स्वस्त पडेल. रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेनं थोडा पिळून सोडला की स्प्रिंगनं परत यायला पाहिजे, नाही आला तर आतली वजनं (वेग वाढला की टायमिंग पुढं नेणारी) गंजून अडकलीत, उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमीचंच. रोटर काढून मधल्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब टाका, जास्त नको, पॉइंटवर उडालं तर नवा ताप. व्हॅक्यूमची नळी तोंडानं ओढून बघा, प्लेट हलून तशीच राहिली पाहिजे, लगेच सुटली तर डायफ्रॅम फाटलाय.

हे सगळं झाल्यावर पॉइंटचा गॅप. फिलर गेजनं ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी, पॉइंट कॅमच्या उंचवट्यावर पूर्ण उघडे असताना. ड्वेल मीटर (पॉइंट किती डिग्री मिटलेले राहतात ते दाखवणारा) असेल तर ६० डिग्री, तीनेक इकडं तिकडं. गॅप आधी आणि टायमिंग नंतर, कारण गॅप वाढवला की टायमिंग पुढं सरकतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते, आणि कमी केला की मागं पडतं, उलट्या क्रमानं काम केलं तर केलेलं टायमिंग वाया.

आता टायमिंग. चारी प्लग काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून एकाला हळूहळू पुढं ढकलायला लावा, रोटर एक नंबरच्या वायरकडं येत असताना पुलीची खाच १० डिग्रीच्या टोकावर आणा (तुमच्या मॉडेलला ही टोकं खालच्या बाजूला आहेत, गाडीखाली वाकावं लागेल, पाठ सांभाळा). पुढं गेली तर नुसती थोडी मागं घेऊ नका, चांगली मागं नेऊन परत पुढं आणा, म्हणजे टायमिंग चेनचा ढिलेपणा निघून जातो. डॅशबोर्डचा छोटा बल्ब घ्या, एक वायर डेल्कोच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, स्विच ऑन. डेल्कोचा क्लॅम्प ढिला करून बॉडी आधी घड्याळाच्या उलट फिरवा, बल्ब विझेल, मग सावकाश घड्याळाच्या दिशेनं आणा आणि ज्या क्षणी पेटेल तिथंच क्लॅम्प घट्ट करा. कसताना हलतं, म्हणून परत एकदा तपासा.

स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर चमकणारी) मिळाली तर व्हॅक्यूमची नळी काढून, स्लो ६०० आरपीएमवर, १४ डिग्री. स्लो जास्त असेल तर वजनं उघडायला लागतात आणि आकडा खोटा येतो. लाइट जोडताना लाल वायर बॅटरीच्या प्लसला म्हणजे तुमच्या बॉडीला, हे डोक्यात ठेवा, नाहीतर लाइट जळेल. खाच एका जागी न थांबता इकडंतिकडं नाचली तर परत बुशकडं जा.

कानानं टायमिंग लावण्याला माझा विरोध का, तर मिस्त्री इंजिनचा आवाज चढेल तिकडं डेल्को फिरवत नेतो आणि इंजिन जास्त ॲडव्हान्सला गेलं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडायला लागली, की स्लो छानच चढतो, पण लोडवर खडखड नॉकिंग सुरू होतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात ऊन बेचाळीसच्या पुढं गेलं की ते पिस्टनला महागात पडतं. आकड्यावर लावल्यावरही घाटात खडखड आली तर एक-दोन डिग्री मागं घ्या.

एवढं करून व्हॉल्व्हच्या टॅपेटचा गॅप थंड इंजिनवर ०.०१५ इंच, प्लगचा गॅप ०.०२५ इंच, आणि मग कार्बोरेटर. तिथंही आधी डॅशपॉटमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या वरच्या नळकांड्यातलं, तेल बघा, ते नसेल तर एक्सलेटर दिल्यावर गाडी अडखळतेच.

प्रश्न (बीडहून) : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकलं की टायमिंगची कटकट कायमची जाते का?

उत्तर : अर्धी जाते. गॅप झिजत नाही म्हणून टायमिंग सरकत नाही, हे खरं. पण अडकलेली वजनं, गेलेलं स्प्रिंग, फाटलेला डायफ्रॅम किट दुरुस्त करत नाही. घेताना गाडीला बॉडीला प्लस आहे की मायनस ते आधी तपासा, चुकीचं किट जोडताक्षणी जातं. इंजिन बंद आणि स्विच ऑन असं गाणी ऐकत बसू नका, बऱ्याच किटची वाट त्यानंच लागते. आणि जुने पॉइंट, कंडेन्सर, फिलर गेज डिकीत ठेवाच, किट मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडलं तर ढाब्यावर पॉइंट बसवता येतील, किट दुरुस्त होणार नाही.

प्रश्न (परभणीहून) : पद्मिनी आहे. आताचं पेट्रोल टाकल्यापासून स्लो नीट राहत नाही, टायमिंग बदलू का?

उत्तर : टायमिंगला हात लावू नका. २० टक्के इथेनॉलमुळं मिक्श्चर पातळ पडतं, मिक्श्चर स्क्रू थोडा खोला, स्लो सुधारला तर उत्तर मिळालं. नॉकिंग त्यानं वाढत नाही, ऑक्टेन उलट चांगलं असतं. मला काळजी तुमच्या पेट्रोलच्या रबरी नळ्यांची आहे, जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, मऊ पडतं आणि त्याचा चुरा जेटमध्ये जातो, तेव्हा सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाका आणि पंपाचा डायफ्रॅम पण बघा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं आणि खाली तळाला बसतं, मग पहिल्याच स्टार्टला तेच पाणी कार्बोरेटरमध्ये.