‘आत्म्याने दीन’ म्हणजे नेमके कसे?

जालन्याहून एका वाचकाने विचारले आहे : चर्चमध्ये ‘जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे’ हे वचन (मत्तय ५:३) वाचतात. यातला ‘दीन’ म्हणजे दीन-दुनियेतला, धर्म या अर्थाचा दीन का? आणि तसे नसेल तर सरळ ‘आत्म्याने गरीब’ का म्हणू नये?

पहिली शंका मराठवाड्यात यावी हे साहजिक आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू होती. ‘दीन’ म्हटले की धर्म आठवणारी माणसे इथे आजही भेटतात. पण तो दीन अरबी. वचनातला दीन संस्कृत. दीनदुबळा, दीनवाणा, दीनानाथ यांतला. दोघांचे नाते काहीच नाही.

‘गरीब’चे प्रकरण जास्त नाजूक आहे. मराठीत हा शब्द पैशाबद्दल बोलतो तसाच स्वभावाबद्दलही. सोयरिकीच्या बैठकीत ‘पोरगी लई गरीब आहे, वर तोंड करून बोलायची नाही’ असे म्हणतात, तेव्हा तिच्या बापाच्या जमिनीचा विषयच नसतो. त्यामुळे ‘आत्म्याने गरीब’ ऐकले की डोळ्यांपुढे मवाळ, सोशिक माणूस येणार. आणि अशांसाठी तर दोनच ओळींपुढे ‘जे सौम्य ते धन्य’ हे वेगळे वचन आहे!

मूळ ग्रीकमधला शब्द फार कडक आहे. त्या भाषेत हातावर पोट असणारा तो ‘पेनेस’, आणि तेवढाही आधार नसलेला, दुसऱ्यापुढे हात पसरणारा तो ‘प्तोखोस’. बायबलात येशूचे चरित्र मत्तय, मार्क, लूक यांनी वेगवेगळे सांगितले आहे. त्यांतल्या मत्तयाने या वचनात दुसरा घेतला. श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरून पडलेल्या लाजाराला लूक हाच शब्द लावतो. मंदिराच्या दानपेटीत दोन बारीक नाणी टाकणाऱ्या विधवेला मार्कही हाच लावतो. इतरांनी आपल्या भरलेल्या घरातून दिले, हिने होती नव्हती ती सारी उपजीविका दिली, असे येशू तिच्याबद्दल सांगतो. जवळ काही उरले नाही आणि भरवसा फक्त देवावर, ही अवस्था ‘दीन’ शब्दात येते. ‘दरिद्री’ही आपल्याकडे शिवी होऊन बसला आहे, म्हणून तोही नको.

‘आत्म्याने’ मधली तृतीया ‘पायाने अधू’, ‘कानाने बहिरा’ यांतली आहे. उणीव कुठे आहे ते ती दाखवते. म्हणजे आत्म्याच्या हिशेबात आपल्या गाठीला काही नाही हे ज्याला कळले आहे, तो. खिसा भरलेला असो की रिकामा, हे वचन दोघांनाही लागू पडते. लूक मात्र ‘आत्म्याने’ म्हणत नाही, नुसत्या दीनांनाच धन्य म्हणतो. ते विसरून या वचनाला फक्त मनाची गोष्ट करणे मला पटत नाही.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. ‘धन्य’ हा शब्द ‘धन’पासून झाला आहे. पाणिनीच्या सूत्राप्रमाणे धन मिळवणारा तो धन्य. मूळ वचनात ‘धन्य’च्या जागी असलेल्या ग्रीक ‘माकारिओस’ शब्दात धनाचा असा धागा नाही. तो संस्कृतातून मराठीच्या पदरी पडला. ज्याच्याजवळ काही नाही त्यालाच धन लाभले, हे आपल्या वाक्यात चार शब्दांत येते. ‘आत्म्याने गरीब ते सुखी’ केले तर ते सगळे जाईल.

तेव्हा प्रवचनात अर्थ फोडून सांगताना ‘देवापुढे रिकाम्या हातांनी उभे राहणारे’ असे खुशाल म्हणावे. वाचताना मात्र ‘दीन’च वाचावे.