कात्री तिच्या हातातच राहू द्या

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. माझा बांधकामाचा व्यवसाय आहे, ऑफिस तयार आहे, तिने फक्त बी.आर्क. करून यायचं. नाटाचा, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास लावला, तर ही दिवसभर मासिकांतल्या इमारती कापून चिकटवते आणि ग्राफिक डिझाइन करायचंय म्हणते. इमारतीच आवडतात ना, मग आर्किटेक्चर काय वाईट? मागच्या आठवड्यात मी सगळी कात्रणं रद्दीत घातली. तेव्हापासून 'काही सुचत नाही' म्हणून बसून असते. काय करू? – एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: शेवटच्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तुम्हाला वाटलंच नाही? कोलाज करणाऱ्याची कात्रणं हा त्याचा कच्चा माल. तुमच्या साइटवरची सळई कुणी परस्पर विकली असती, तर काम का थांबलं म्हणून तुम्ही गवंड्याला विचारलं असतं का? आधी तिची माफी मागा. हो, बापानेही मागायची असते. आणि ऑफिस तयार आहे म्हणता, पण त्यात बसायचंय का, हे तिला कधी विचारल्याचं पत्रात कुठेही नाही. मला मार्कांपेक्षा याची काळजी वाटते.

'इमारती आवडतात म्हणजे आर्किटेक्चर' हा समज बऱ्याच घरांत आहे. आर्किटेक्टला जिना कुठे येईल, पावसाचं पाणी कुठून जाईल, महापालिकेत नकाशा मंजूर होईल का, हे सोडवण्यात गोडी हवी. पाच वर्षं तेच शिकायचं असतं. कोलाज करणारी मुलगी काळारामाचं काळं दगडी शिखर कॉलेज रोडच्या काचेच्या इमारतीवर ठेवते आणि नजर कुठे अडखळते ते बघते. आर्किटेक्टही कोलाज करतात, नाही असं नाही. मीस व्हान डेर रोहने १९४२ मध्ये छोट्या शहरासाठीचं संग्रहालय कोलाजमधून मांडलं, त्यात पिकासोचं 'गेर्निका' हे चित्र चिकटवलं होतं. लंडनच्या आर्किग्राम या आर्किटेक्टांच्या गटाचं १९६४ मधलं 'चालतं शहर' कधी बांधलंच गेलं नाही. ते कागदावरच गाजलं. तुमच्या मुलीचा जीव त्या कागदात आहे. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये टपाल तिकिटं छापतात. तिकिटाच्या इंचभर जागेत एखादी वास्तू बसवणं हे ग्राफिक डिझाइनचंच काम. सुरुवातीचा पगार तुमच्या सुपरवायझरपेक्षा कमी असू शकतो, हेही सांगून ठेवते.

डिझाइनच्या प्रवेशपरीक्षा: आयआयटींच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी. तारखा आत्ताच बघा.

पुढचं तिला वाचायला द्या.

पिंटरेस्टवर दुसऱ्यांना सुचलेलं दिसतं, बाळा. जुन्या नाशकात फीर. सराफ बाजाराच्या आसपासचे वाडे, त्यांचे लाकडी खांब, वर लोंबणाऱ्या केबलच्या वायरी, मध्येच वाढदिवसाचा फ्लेक्स. फोटो तूच काढ, साध्या झेरॉक्सवर लहानमोठे कर, मग काप. स्वतःला अट घाल: या वेळी फक्त खिडक्या, पुढच्या वेळी दोनच रंग. हात अडला की डोकं चालतं. पांडवलेण्यांत अठराव्या लेण्याची दर्शनी बाजू निवांत बघ. लाकडी बांधकामाची घडण तिथे दगडात कोरली आहे. एका वस्तूच्या अंगावर दुसरीचं रूप कसं चढवायचं, ते तिथे उघड्यावर दिसतं.

साहेब, तिला एकटीला किंवा मैत्रिणीबरोबर जाऊ द्या, तुम्ही सोबत जाऊ नका. आणि पुढचं पत्र तिने लिहावं. तुम्ही ते न वाचता पाठवा.