मुलाखतीआधीच आधार-पॅन कशाला?

प्रश्न : मी कुपवाडहून स्वतंत्रपणे कॅड ड्रॉइंगची कंत्राटी कामं करतो. पुण्याच्या कामासाठी एका भरती एजन्सीनं मुलाखतीआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, पॅन आणि कोरा सही केलेला चेक मागितला. द्यावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चेक तर मुळीच नाही. बँक तपशिलासाठी आडव्या दोन रेघा मारून ‘रद्द’ लिहिलेला, बिनसहीचा चेक पुरतो. तोही करार झाल्यावर.

पॅनची गरज खरी आहे, पण पैसे देताना. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर, कापायचा असतो आणि पॅन नसेल तर साधारणपणे 20 टक्के कापला जातो. मुलाखतीआधी काही एजन्सी पॅन मागतात, ते एकच उमेदवार दोन एजन्सींकडून त्याच कंपनीत जाऊ नये म्हणून. त्यासाठी कार्डाचा फोटो लागत नाही. शेवटची चार अक्षरं सांगा आणि कंपनीचं नाव आधी विचारा. नाव सांगायला टाळाटाळ झाली, तर तिथंच थांबा.

आधार द्यावंच लागलं तर यूआयडीएआय या आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवा. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. छापील प्रतीवर एजन्सीचं नाव, कारण, तारीख आडवी लिहा, फोटोवरून जाईल अशी. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं! ओटीपी कुणालाच नाही.

कागद आधीच गेले असतील तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा, क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांच्या नोंदीत, अनोळखी कर्ज दिसतंय का पाहा. पैसे गेले असल्यास लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.